अण्णाजींचा काष्ठतरंग

इंग्रजी मुळाक्षरांचा तक्ता आपल्या सगळ्यांच्या घरात कधी ना कधी भिंतीवर लागलेला असतो. ॲपल, बॉल, कॅट अशी ओळखीची मंडळी संपत आली की शेवटाकडे एक्सची चौकट येते आणि तिच्यात रंगीत पट्ट्यांची एक शिडी काढलेली असते. त्या शिडीचं नाव झायलोफोन. यवतमाळात माझं पेटीदुरुस्तीचं दुकान. उभा जन्म वाद्यांमध्ये गेला, पण ही वस्तू मी तक्त्याबाहेर कधी पाहिली नव्हती. एक्सला दुसरं काही सापडलं नाही म्हणून कोणीतरी ती बनवली असावी, अशीच माझी समजूत होती.

धंद्यातले अनुभव लिहा असं या दिवाळी अंकाकडून सांगणं आलं, तेव्हा घरच्यांना वाटलं की मी पेट्यांबद्दल लिहीन. पेट्यांचं मला कळतं, म्हणून त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. जे काम हातात घेतल्यापासून शेवटपर्यंत मी गोंधळलेलाच होतो, ते सांगावं असं मनात आलं. तो गोंधळ अजून पुरता गेलेला नाही.

आधी पेटीबद्दल दोन शब्द, म्हणजे पुढचं समजेल. हार्मोनियमला आमच्याकडे पेटी म्हणतात. तिच्या पोटात पितळेच्या बारीक जिभा असतात. भात्यातली हवा जिभेवरून गेली की ती थरथरते आणि सूर निघतो. जीभ टोकाकडून घासली की सूर चढतो, मुळाकडून घासली की उतरतो. एवढं एक ज्ञान आणि एक बारीक कानस, यावर माझं घर चाललं. बाकी सगळं माणसं सांभाळण्याचं काम. घाटंजीकडच्या एका भजनी मंडळाची पेटी आली होती. बुवांचं म्हणणं, पेटीला दमा झाला. उघडून पाहिली तर भात्यात उंदरीण बाळंत झालेली. पिलांसकट पोत्याच्या सुतळीचं घरटं बाहेर काढलं तेव्हा बुवांनी आधी पिलांची चौकशी केली, मग पेटीची. उमरखेडचे एक गृहस्थ तर पेटी घेऊन आले आणि म्हणाले की हिच्यात काही बिघाड नाही, पण आमच्या जावयाचा आवाज वर जात नाही, तेव्हा पेटीच थोडी खाली आणून द्या. जावयाला न कळता. मी खालच्या सुरांचा दुसरा संच बसवून दिला. जावई त्या वर्षी फार छान गायले म्हणतात.

झायलोफोन म्हणून जे पहिल्यांदा माझ्या टेबलावर आलं ते मारेगावच्या एका बालवाडीतलं खेळणं होतं. सात रंगांच्या पत्र्याच्या पट्ट्या, त्यातली हिरवी हरवलेली. मी पत्रा कापून एक बसवली. तिचा आवाज ताटात चमचा पडल्यासारखा यायचा, पण मुलांना तीच जास्त आवडली असं बाईंनी कळवलं. आपल्याला झायलोफोन जमतो, असा गैरसमज मला तेव्हापासून झाला.

तो उतरवला मंजिरीने.

मंजिरी घाटंजीला शाळेत शिकवते. माहेर यवतमाळचं, पिंपळखुटे यांच्याकडलं. तिचे वडील अण्णाजी सरकारी कचेरीत होते आणि संध्याकाळी गावातल्या ऑर्केस्ट्रात काष्ठतरंग वाजवायचे. गणपतीत, लग्नात जिल्हाभर त्यांचे कार्यक्रम होत. मी त्यांना तोंडओळखीने जाणत होतो, कारण त्यांच्या ऑर्केस्ट्रातल्या पेट्या माझ्याकडे यायच्या. काष्ठतरंग मात्र कधीच आला नाही. ऑर्केस्ट्रा कधीचा बंद पडला, अण्णाजी निवृत्त झाले, आणि मी त्यांना विसरूनही गेलो होतो.

एका रविवारी मंजिरी रिक्षातून उतरली, ती चादरीत बांधलेलं गाठोडं दोन्ही हातांनी उचलूनच. टेबलावर गाठ सोडली तर आत काळपट लाकडी पट्ट्यांचा ढीग, कुजलेली दोरी, होडीसारखा एक सांगाडा आणि टोकाला गोल गोंडे असलेल्या दोन काड्या. म्हणाली, "काका, याला झायलोफोन म्हणतात. झायलो म्हणजे लाकूड. बाबा काष्ठतरंग म्हणायचे." म्हणजे मारेगावचं पत्र्याचं खेळणं झायलोफोन नव्हतंच, हे मला त्या दिवशी कळलं.

मग तिने खरी गोष्ट सांगितली. अण्णाजींना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात आणि उजवा पाय गेला. वाचाही गेली, म्हणजे सगळी नाही, एक शब्द राहिला. तो शब्द 'नको'. तहान लागली तरी नको, पाणी पिऊन झालं तरी नको. नातू आला तरी नको, नातू निघाला तरी नको. डॉक्टर म्हणाले की मेंदूच्या त्या भागाला मार बसला की कधीकधी असा एकच शब्द शिल्लक उरतो, माणसाला म्हणायचं असतं वेगळं आणि तोंडातून येतं तेच. सुरुवातीला ते धडपडायचे. आता धडपडही थांबली होती. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, जेवण चार घासांवर आलं होतं. जीव रमेल असं काहीतरी शोधा, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून मंजिरीने माळ्यावरून हे काढलं. ते पाहून अण्णाजी कित्येक महिन्यांनी आपणहून कुशीवर वळले. डाव्या हाताने एक पट्टी वाजवली. आणि मग सगळं ढकलून दिलं. नको, नको.

"बेसूर झालं असेल, म्हणून चिडले," मंजिरी म्हणाली. "तुम्ही सुरात लावून द्या. सुरात आलं की वाजवतील."

मला ते पटलं. ज्याच्या हातात उभा जन्म कानस आहे, त्याला प्रत्येक दुःख सुराचंच वाटतं.

पण लावायचं कसं, तेच कळेना. पहिली पट्टी टेबलावर ठेवून वाजवली तर ठक्क, नुसतं लाकूड. हातात मधोमध धरून वाजवली तर मुकीच. मी ती फिरवून फिरवून पाहिली. दोन्ही टोकांपासून पाव लांबीच्या थोडं अलीकडे एकेक बारीक भोक होतं. तिथे दोरी ओवून टांगली आणि वाजवली, तेव्हा ती बोलली. गोल, भरलेला, लगेच विरणारा आवाज. लाकडाच्या पट्टीत तेवढ्या दोनच जागा थरथरत नाहीत, तिथे आधार दिला तरच बाकीची पट्टी मोकळी राहते, हे मला पुढे समजलं. त्या दिवशी एवढंच समजलं की ज्याने ती भोकं पाडली त्याला समजत होतं.

नंतर लांबीप्रमाणे पट्ट्या मांडल्या. लांब म्हणजे खालचा सूर, आखूड म्हणजे वरचा, असा साधा हिशोब. वाजवत गेलो तर सूर वर चढे, मध्येच खाली येई, पुन्हा चढे. एक लांब पट्टी आखूड पट्टीपेक्षा वर बोलत होती. दोन दिवस मी त्या रांगेत पट्ट्या इकडच्या तिकडे करत बसलो. शेवटी लक्षात आलं की काही पट्ट्या खालून पोटात खोल तासलेल्या आहेत, काही नाहीत. ती तासणी काय करते हे पाहायला भंगारातून एका जुन्या बाजेचा बिजाचा पाय आणला. बिजा म्हणजे आपल्या जंगलातलं तेच लाकूड, ज्याचे ढोलकीचे खोड करतात. त्याची पट्टी काढून पोटात तासली, तर सूर उतरला. टोकं कापली तर चढला. नियम जिभेसारखाच निघाला, पण पितळेची माझी सवय लाकडावर चालेना. तासताना हात एका बाजूला जायचा आणि कान दुसऱ्या.

शेवटी लांबी सोडून दिली आणि कानाने रांग लावली. सा, रे, म, प सगळे जागेवर आले. एक पट्टी मात्र कुठेच बसेना. कोमल गंधार म्हणावा तर त्याच्या वर, शुद्ध म्हणावा तर पुष्कळ खाली. दोन घरांच्या मधल्या भिंतीवर बसल्यासारखी. लाकूड इतक्या वर्षांत वाळून चढलं असेल का? मग बाकीच्या पट्ट्या का नाही चढल्या? का अण्णाजींनी मुद्दाम तशी ठेवली होती? कार्यक्रमात तर ते पेटीबरोबर वाजवायचे, आणि पेटी असला सूर सहन करत नाही. अण्णाजींनी हे वाद्य एका सुताराच्या मदतीने स्वतःच केलं होतं असं मंजिरीने सांगितलं होतं, पण ते सुतार कधीच वारले होते. आणि ज्यांना विचारायचं त्यांच्याकडे एकच शब्द होता.

पितळेची जीभ बिघडली तर दुसरी मिळते. तासलेलं लाकूड परत येत नाही. मी ती पट्टी तशीच ठेवली, नवी दोरी ओवली, आणि ठरवलं की आधी माणसाला दाखवू.

पिंपळखुटे यांच्या घरी गेलो तेव्हा दार त्यांच्या पत्नीने उघडलं. सुशीलावहिनी. बारीक, ताठ, पदर खोचलेला. माझ्या हातातलं गाठोडं पाहून त्यांनी तोंड वळवलं. वाद्य माळ्यावरच बरं होतं, पोरीनं उगाच काढलं, हे त्यांनी मला नाही तर भिंतीला सांगितलं. आजारपणाने त्याही थकल्या होत्या. रात्रंदिवस करणाऱ्या त्या, आणि सल्ले देणारे बाकीचे.

अण्णाजींना पलंगावर पाठीशी उशा देऊन बसवलं होतं. मंजिरीने समोर दोन तिपाया लावल्या, त्यांवर मी सांगाडा ठेवला आणि काडी त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी मान खाली घालून पट्ट्यांकडे पाहिलं. खालचा सा वाजवला. मग रे. मग ती मधली पट्टी वाजवली आणि थांबले. काडी खाली ठेवली आणि डाव्या हाताने सगळं वाद्य उजवीकडे ढकललं, इतकं की अर्धा सांगाडा तिपाईच्या बाहेर गेला आणि मी धावून धरला.

"नको," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "नको. नको."

मी मंजिरीकडे पाहिलं, मंजिरीने माझ्याकडे. त्याच पट्टीवर थांबले, म्हणजे तीच पट्टी. दोघांनाही शंका उरली नाही. मी सांगाडा सरळ करून ठेवला, त्यांनी पुन्हा ढकलला. उजव्या बाजूची त्यांना शुद्ध नसेल, हात जातो तिकडे जातो, असा मी आपला अर्थ लावला आणि वाद्य घेऊन निघालो.

कानस लावायला मन धजेना. शेवटी मेण काढलं. पट्टीच्या पोटाला मधोमध मेण चिकटवलं की ती जड होते आणि सूर उतरतो, आणि नको असेल तेव्हा काढून टाकता येतं. थोडं थोडं मेण लावत तिला मी कोमल गंधारावर आणून बसवलं. पेटीशी मिळवून पाहिलं. अगदी स्वच्छ. फार दिवसांनी एखादं काम मनासारखं झालं की चहासुद्धा वेगळा लागतो, तसा त्या दिवशी लागला.

दुसऱ्या वेळी अण्णाजींनी आधी त्याच पट्टीला काडी लावली. ऐकलं. मग काडी टाकली, पट्टी उलटी केली, आणि डाव्या अंगठ्याच्या नखाने माझं मेण खरवडायला सुरुवात केली. एका हाताने खरवडताना पट्टी सरकत होती, म्हणून मंजिरीने ती धरून ठेवली. मेण पुरतं निघाल्यावर त्यांनी ती वाजवली, तोच आडमुठा सूर आला, आणि त्यांच्या तोंडावर समाधान दिसलं. मला हायसं वाटलं. म्हणजे सूर त्यांना तोच हवा होता. आता वाजवतील.

त्यांनी वाद्य उजवीकडे ढकललं. नको.

मग मला काहीच समजेनासं झालं. सूर चुकीचा नव्हता, मग नको ते काय? उंची? दोरी? लोकं पाहत होती म्हणून? का मंजिरी म्हणते ते सगळंच चूक, आणि वाद्य पाहून त्यांना गेलेल्या हाताची आठवण होत होती? स्वयंपाकघरातून वहिनी आल्या. आवाज चढवला नाही, पण शब्द मोजून टाकले.

"भाऊ, झालं न पाहून? दोनदा त्याईनं नको म्हटलं. तुमाले समजत नाही काय? हे घेऊन जा आन् कोणाले द्यायचं त्याले द्या."

मंजिरी म्हणाली, "आई, ते सगळ्यालाच नको म्हणतात."

"मंग ढकलून कायले देतात? ढकलणं तर समजते न?"

मी पट्ट्या गुंडाळू लागलो, तर अण्णाजींनी डाव्या हाताने चादरीचं टोक पकडून ठेवलं. त्यांच्या बोटांतून ते सुटेना. नेऊ देत नव्हते आणि ठेवूही देत नव्हते. मी वहिनींना म्हटलं, असू द्या इथंच, पुढच्या रविवारी नेतो. आणि निघालो, तो सबंध रस्ता डोक्यात तोच गुंता घेऊन. दुकानात एक माणूस पेटी घ्यायला येऊन बसला होता, त्याला मी दुसऱ्याचीच पेटी दिली.

पुढच्या रविवारी वाद्य आणायलाच गेलो होतो. मंजिरी म्हणाली, शेवटचं एकदा मांडू. तिचे डोळे पाहून मी नाही म्हटलं नाही. पुन्हा तिपाया, पुन्हा सांगाडा, पुन्हा काडी. अण्णाजींनी वाद्य उजवीकडे ढकललं, या वेळी सावकाश, मध्ये थांबून थांबून, जणू आम्हाला शिकवत होते. खालच्या सुरांच्या पट्ट्या त्यांच्या समोर राहिल्या. वरच्या सुरांच्या पट्ट्या पलंगाच्या उजव्या, रिकाम्या बाजूसमोर गेल्या. मी तिपाई सरकवून आधार दिला, पडू नये म्हणून. मग त्यांनी दुसरी काडी उचलली आणि त्या रिकाम्या बाजूच्या पट्ट्यांवर आडवी ठेवली.

मला वाटलं, मला वाजवायला सांगताहेत. मी पलंगाच्या त्या कडेला बसलो आणि सा रे ग म वाजवलं. मला दुरुस्ती येते, वादन येत नाही. त्यांनी माझ्या हातातली काडी काढून घेतली, पुन्हा होती तिथे ठेवली, आणि म्हणाले, "नको." मंजिरी बसली. तिच्याही हातातून काढून घेतली. आम्ही दोघंही उभे राहिलो, आणि अण्णाजी त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. कधीपासून, मला माहीत नाही. त्यांनी त्या काडीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ट्रे त्यांनी शिलाई मशीनवर ठेवला. पदराला हात पुसले. मंजिरीला बाजूला व्हायला सांगितलं, आणि पलंगाच्या उजव्या कडेला, अण्णाजींच्या गेलेल्या हाताला लागून बसल्या.

"मले आता येईल का हो ते?" त्या त्यांना म्हणाल्या. "किती वर्षं झाली."

अण्णाजींनी खालचा सा वाजवला. वहिनींनी काडी उचलली, वरच्या दोन पट्ट्यांवर बारीक ठोके द्यायला सुरुवात केली. चुकल्या, थांबल्या, पुन्हा धरलं. त्यांच्या ठोक्यांच्या मधल्या जागेत अण्णाजींचे सूर येऊ लागले. काष्ठतरंग दोन हातांनी वाजवायचं वाद्य. एक हात त्यांचा होता, एक वहिनींचा.

मंजिरी भिंतीला टेकून खाली बसली. तिने जन्मात आईच्या हातात काडी पाहिली नव्हती.

पुढे चहा पुन्हा गरम करताना वहिनींनी सांगितलं ते असं. लग्न झाल्यावर दोघं एका भाड्याच्या खोलीत राहत होते. अण्णाजी कचेरीतून आले की रियाज करत. खालच्या अर्ध्याचा हात पक्का करायचा तर वरचा ठेका कोणीतरी धरून ठेवावा लागे, म्हणून त्यांनी नव्या बायकोला तेवढं शिकवलं. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून पट्ट्यांवर टॉवेल टाकून वाजवायचे. नंतर मुलं झाली, सासूबाई राहायला आल्या, ऑर्केस्ट्रा सुरू झाला आणि वाद्य घराबाहेर गेलं. ते परत आलं, तेव्हा वहिनींचं मन त्याच्यातून निघून गेलं होतं. मंजिरीने विचारलं की आम्हाला कधी सांगितलं का नाहीस.

"कोणी इचारलं होतं?" वहिनी म्हणाल्या. "आन् सांगाले त्याच्यात होतं काय? ठेका धरत होती मी."

म्हणून ते उजवीकडे ढकलत होते. जागा करत होते. आम्ही तिघं शहाणे त्यांना समोर बसून पाहत होतो, आणि ती जागा आमच्या डोळ्यांसमोर रिकामी होती.

अण्णाजींची वाचा परत आली नाही. असं काही लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण ते भिंतीकडे तोंड करून पडेनासे झाले. दुपारचं जेवण झालं की स्वतःच काडी मागायचे, त्यांच्या त्या एका शब्दाने, आणि आता तो शब्द वहिनींना बरोबर कळायचा. जेवणही सुधारलं. मी अधूनमधून जायचो. पावसाळ्यात दोरी सैल पडायची, लाकूड फुगून सूर खाली यायचे, उन्हाळ्यात पुन्हा चढायचे. मी पट्ट्यांची भोकं साफ करायचो, गोंड्यांना नवीन कापड लावायचो. ते दोघं वाजवायचे आणि मी शेजारी बसून एकेक पट्टी कानाने तपासायचो. ती मधली पट्टी त्या वाजवण्यात पुन्हा पुन्हा यायची आणि दर वेळी मी मनातल्या मनात दचकायचो. सुरात आहे का नाही, याचा निकाल मला कधी लावता आला नाही. त्यांना विचारून उपयोग नव्हता, आणि वहिनींचं म्हणणं, आमच्याकडे ती पहिल्यापासून अशीच बोलते.

मागच्या थंडीत अण्णाजी गेले.

तेरावं झाल्यावर मी भेटून आलो. नंतर बरेच दिवस काही निरोप आला नाही, आणि मीही वाद्याचा विषय काढला नाही. उन्हाळ्यात मंजिरी दुकानात आली. म्हणाली, काका, आईने बोलावलंय. मला वाटलं, वाद्य विकायला सांगणार. गेलो तर पलंग खोलीतून हलवला होता. खाली सतरंजीवर काष्ठतरंग मांडलेला, उजव्या अर्ध्यासमोर वहिनी बसलेल्या, डावीकडे मंजिरी.

मंजिरी सुट्टीत शिकायला बसली होती. वहिनी आपला ठेका धरत आणि मंजिरी खालच्या पट्ट्या वाजवत होती. वहिनी थांबून म्हणत, असं नाही. मंजिरी विचारी, मग कसं? आणि त्यावर वहिनींना उत्तर देता येत नव्हतं. त्यांना त्यांचा अर्धा भाग येत होता. अण्णाजी काय वाजवत ते त्यांनी ऐकलं होतं, पण हात ठेक्यात गुंतलेला, लक्ष चुकू नये याकडे. चुकलं की कळायचं. बरोबर काय ते सांगता येत नव्हतं. आणि ती चीज कुठली होती, गाणं होतं का रियाजातलंच काही होतं, हे अण्णाजींनी कधी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

वहिनी माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, तुम्ही तर बाजूले बसून आयकत होते. तुमचा कान सुराचा. त्याईचा भाग कसा जात होता, तेवढं हिले सांगा."

मी सतरंजीवर बसलो. मंजिरीच्या हातातली काडी घेतली. खालचा सा वाजवला, रे वाजवला, मधली पट्टी वाजवली. पुढे काय, ते मला आठवेना. डोळे मिटले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबलो. कोणती पट्टी कोणत्या महिन्यात किती चढली होती, कोणत्या पट्टीची दोरी घासत होती, कोणत्या गोंड्याचं कापड निसटून ठक्क आवाज येत होता, ते सगळं मला आजही सांगता येईल. इतक्या वेळा मी तिथे बसलो आणि दर वेळी एकेक सूर वेगळा करून ऐकला. ते काय वाजवत होते ते मी ऐकलंच नव्हतं.

"वहिनी, मले नाही सांगता येत," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. बहुतेक त्यांना वाटलं असावं की अण्णाजींचा भाग माझ्या कानात तरी नक्की असेल, आणि आता तेही गेलं. मंजिरी मान खाली घालून पट्ट्यांवरची धूळ बोटाने पुसत होती. खिडकीबाहेर कुल्फीवाला घंटी वाजवत गेला.

मग वहिनींनी गुडघा बदलला, पदर नीट केला आणि काडी उचलली. मंजिरीला म्हणाल्या, "तुले जे येईल ते वाजव. मी धरतो ठेका."

आणि त्यांनी सुरू केलं.